परसातली अनोळखी पाल



दर अंकात आपण लागण, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी वाचतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. पण तो आपल्या परसातलाच आहे, आणि रात्री-अपरात्री रानात दारे धरायला जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध येतो. म्हणून कंटाळा न करता वाचावे, ही विनंती.

गेल्या वर्षी मृगाचे दोन पाऊस झाले होते. आडसालीसाठी सऱ्या सोडून आम्ही वापशाची वाट पाहत होतो. दिवेलागणीला सूनबाई परसात गोवऱ्या आणायला गेली आणि तिथूनच ओरडली, "मामंजी, लवकर भाईर या, हितं काय तरी हाय!"

बॅटरी घेऊन गेलो. गोवऱ्यांच्या हुडव्याच्या बुडाशी एक पाल बसली होती. पण घरातल्या भिंतीवर फिरते ती ही नव्हे. चांगली वीतभर लांब, अंग फिकट पिवळसर, त्यावर काळपट-तपकिरी डाग, आणि शेपूट मुळ्यासारखे मध्येच फुगलेले. उजेड पडताच ती पळाली नाही. चारी पायांवर ताठ उभी राहिली, पाठ वर केली, शेपूट सावकाश डावी-उजवीकडे हलवले आणि तोंड उघडून बारीक चिरका आवाज काढला. खरे सांगायचे तर माझेही पाऊल मागे आले.

तोवर वस्तीवरची दहा-बारा माणसे जमली. एक जण म्हणाला, घोरपडीचं पिल्लू. दुसरा म्हणाला, साप आणि पाल एक झाले की असलं निपजतं. तिसऱ्याने तर, "गुरुजी, लई इखारी जात. निस्ती फुंकर मारली तरी माणूस सुजतो," असे ठणकावून सांगितले. ज्याने सांगितले त्याने असा सुजलेला माणूस स्वतः पाहिला होता का, हे मात्र विचारायचे राहून गेले. एका पोराने फावडे उचललेच होते. मी त्याचा हात धरला.

हात धरला तो ज्ञानामुळे नव्हे. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या विहिरीचे काम चालू असताना सुरुंगाच्या दगडांतून अशीच एक पाल निघाली होती. गड्यांनी ती पहारीने ठेचली आणि मी काठावर उभा राहून "बरं झालं" म्हणालो होतो. पुढे शाळेत असताना एका विद्यार्थ्याने ग्रंथालयातले पुस्तक आणून त्यातले चित्र दाखवले, "गुरुजी, ही कुठली पाल?" चित्रातली पाल मी ओळखली, पण तिचे नाव मला सांगता आले नाही. ती रुखरुख मनात होती.

नातीच्या खेळण्यांचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणवला, पालीवर अलगद पालथा घातला आणि खालून पुठ्ठा सरकवला. हात लावायची गरजच पडली नाही. मग ओट्यावर दिव्याखाली डबा ठेवून आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. अनोळखी पाल कशी ओळखावी, याचा तो धडाच झाला. जसा झाला तसा सांगतो.

प्रथम डोळे पाहिले. डब्यातल्या पालीने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. सूनबाई म्हणाली, "पापण्या हायत की हिला!" यातच सगळी मेख आहे. आपल्या भिंतीवरच्या पालीला मिटता येणाऱ्या पापण्या नसतात. तिच्या डोळ्यावर सापासारखा एक पारदर्शक खवला असतो, आणि त्यावर धूळ बसली की ती जिभेने डोळा चाटून साफ करते. घरात निवांत बसून कधी पाहावे, दिसेल. डोळे मिटणारी पाल म्हणजे निराळ्याच कुळातली पाल. या गटाला शास्त्रज्ञांनी युब्लेफारिस असे ग्रीक नाव दिले आहे. त्याचा अर्थच 'सुंदर पापण्यांची' असा होतो. अंगावरच्या डागांमुळे इंग्रजीत तिला लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्या पाल म्हणतात.

मग बोटे पाहिली. डब्याच्या गुळगुळीत बाजूवर ती पाय मारत होती, पण चढता काही येईना. घरातली पाल असती तर एव्हाना डब्याच्या छताला उलटी चिकटून बसली असती. घरपालीच्या बोटांच्या टोकाशी रुंद गाद्या असतात, गाद्यांवर आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म केस. हे केस भिंतीच्या इतके जवळ जातात, की कणाकणांमधल्या नैसर्गिक ओढीनेच पाय धरला जातो. तिथे डिंक नसतो की चिकट लाळ नसते. टोके नावाची एक मोठी आशियाई पाल आहे, तिच्या एका पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यांतल्या एकेका केसाची ताकद मोजून दाखवली. आमच्या पाहुणीला मात्र गाद्या नव्हत्या. साधी सडपातळ बोटे आणि टोकाला नख्या. ही भिंतीवरची नव्हे, जमिनीवरची पाल.

तिसरी खूण शेपटाची. तिचे फुगीर शेपूट म्हणजे चरबीची कणगी. सुगीत खावे, साठवावे आणि उन्हाळ्यात त्यावर दिवस काढावेत, असा तिचा हिशेब. संकटात ती शेपूट तोडून पळून जाते. तुटके शेपूट वळवळत राहते, शत्रू त्यावर झडप घालतो आणि पाल निसटते. नवे शेपूट येते, पण त्यात मणके नसतात, कूर्चेची एक दांडी असते. ते आखूड आणि जाडजूड दिसते, रंगही वेगळा असतो. म्हणून केवळ शेपटावरून पाल ओळखायला जाऊ नये. पहिले शेपूट की दुसरे, हे आधी पाहावे.

पाठ खरखरीत होती, बारीक पुटकुळ्या असल्यासारखी. आणि जीभ? ती तिने एकदा बाहेर काढली. रुंद, मऊ, गुलाबी. सापासारखी दुभंगलेली नव्हे.

एवढ्यावरून घोरपडीचा प्रश्न निकालात निघाला. घोरपडीचे पिल्लू कितीही लहान असले तरी त्याची जीभ लांब आणि टोकाला दुभंगलेली असते, मान लांब असते, शेपूट निमुळते होत जाते आणि ते दिवसा फिरते. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, हेही सांगून ठेवतो. 'पाल समजून मारली' ही सबब खात्यापुढे चालत नाही. सापसुरळी तर आपण सगळेच ओळखतो. अंग गुळगुळीत, तेल लावल्यासारखे चकाकणारे. ती पाल नव्हे आणि सापही नव्हे.

तर आमची पाहुणी ही आपल्याकडची बिबट्या पाल, युब्लेफारिस फस्कस. गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात, पाऊसमान कमी असलेल्या खडकाळ माळांवर आणि डोंगरउतारांवर ती राहते. पुष्कळ वर्षे आपल्याकडच्या पाली आणि पाकिस्तान-अफगाणिस्तानातल्या पाली एकाच जातीत धरल्या जात. बारकाईने अभ्यास झाला तेव्हा फरक ध्यानात आले. २०१४ साली तर सातपुड्यातली बिबट्या पाल वेगळी जात म्हणून नोंदवली गेली आणि तिला सातपुड्याचेच नाव मिळाले. परदेशात लोक जी बिबट्या पाल हौसेने घरात पाळतात ती बहुतांशी पिंजऱ्यातच पैदास केलेली, आणि तिची जातही दुसरी. आपल्या माळावरची पाल धरून डब्यात ठेवण्याचा नाद पोरांना लावू नये.

पिल्लाचे रूप आणखी फसवे. त्याच्या अंगावर डाग नसतात. काळसर आणि पिवळे असे रुंद आडवे पट्टे असतात, आणि शेपटावर काळे-पांढरे. वाढता वाढता पट्टे फुटून त्यांचे डाग होतात. बॅटरीच्या उजेडात दगडाखालून अर्धेच अंग दिसले तर पट्टे पाहून काळजात धस्स होते. पाय दिसेपर्यंत थांबावे, पण लांब उभे राहून.

परसात सापडणारी प्रत्येक अनोळखी पाल हीच असेल असे मात्र नाही. वारुळांच्या आसपास, बांधाच्या दगडांत एक तपकिरी पाल असते, तिच्या पाठीवर काळ्या कडांचे पांढरे ठिपके ओळीने असतात. ती जमिनीवर वावरते, पण बोटांना गाद्या असतात आणि पापण्या नसतात. आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या खोडावर सालीच्या रंगात मिसळून गेलेली खोडपाल असते. आपले सभासद वा पाव्हणेरावळे घाटमाथ्याच्या दाट रानात राहत असतील, तर त्यांना पाचोळ्यात तांबूस अंगाची, पिवळ्या आडव्या पट्ट्यांची सुरेख पाल दिसेल. तिच्याही बोटांना गाद्या नसतात, म्हणून घोटाळा होतो. पण ती डोळे मिटत नाही. म्हणजे पुन्हा डोळ्यापाशीच यावे लागते. आधी डोळा पाहावा, मग बोटे, मग बाकीचे.

अंड्यांवरूनही ओळख पटते. तसबिरीमागे, पत्र्याच्या सांदीत दोन-दोन पांढरी टणक अंडी सापडतात ती घरपालीची. बिबट्या पालही बहुधा दोनच घालते, पण ओल्या मातीत, आणि त्यांचे कवच मऊ, चामड्यासारखे असते.

आणि हे सगळे शोधून संपले आहे असे कुणी समजू नये. २००८ साली सातारा जिल्ह्यातल्या सड्यावरची एक लहानशी पाल शास्त्राला नवी म्हणून वरद गिरी आणि आरॉन बाउर यांनी नोंदवली. तिचे नावच सातारेन्सिस आहे. गुराख्यांनी ती शंभरदा पाहिली असेल. म्हणून अनोळखी पाल दिसली तर आजकाल प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्याचा उपयोग करावा. एक फोटो वरून, एक डोक्याचा बाजूने डोळा स्पष्ट दिसेल असा, आणि जमल्यास बोटांचा. शेजारी काडेपेटी ठेवली की माप कळते. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावी.

आता विषाचे. माणसाला विषबाधा करील अशी एकही पाल भारतात नाही. ही नाही, घरातली नाही, झाडावरची नाही. फुंकरीने सूज येत नाही, अंगावरून गेली म्हणून कोड येत नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखा पट्टा आणि फोड दिसतात आणि दोष पालीला जातो. ते काम कित्येकदा दिव्याकडे येणाऱ्या एका लहान तांबड्या-काळ्या किड्याचे असते. तो अंगावर चिरडला की त्यातला द्रव कातडी जाळतो. दुधात पाल पडली तर दूध फेकून द्यावे हे खरे, पण विषासाठी नव्हे. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांनी उलट्या-जुलाब होतात. भांडे झाकून ठेवावे, म्हणजे दूधही वाचते आणि पालही.

बिबट्या पाल धरायला गेले तर चावते, नाही असे नाही. चिमटा बसल्यासारखे होते. साबणाने धुवावे, पुरे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग झाले तर, पाल चावली तर भ्यायचे कारण नाही. थांबा. हा लेख लिहायला घेतला तो पुढच्या गोष्टीसाठी.

काही वर्षांपूर्वी, गळीत हंगामात, आमच्या शिवाराच्या कडेला तोडणीवाल्यांचा तळ पडला होता. थंडीचे दिवस, माणसे पाचटाच्या कोप्यांत जमिनीवर झोपलेली. एका रात्री एका बाईला हाताला काहीतरी टोचल्यासारखे झाले. नवऱ्याने बॅटरी लावली. कोपीच्या मेढीवर त्याला पाल दिसली. हातावर रक्त नाही, सूज नाही, दुखतही नाही. "पाल चावली असंल, नीज," म्हणाला, आणि दोघेही झोपले. पहाटे बाईच्या पोटात कळा येऊ लागल्या. घसा धरला. तांबडे फुटेतो तिच्या डोळ्यांच्या पापण्या वर उचलेनात, आणि बोलणे जड झाले. मुकादम धावत आमच्याकडे आला. आम्ही जीप काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा श्वास लागत होता. दोन दिवस तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. वाचली. डॉक्टर म्हणाले, मण्यार.

मण्यार अशीच चावते. रात्री, झोपेत, बहुधा जमिनीवर निजलेल्या माणसाला. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, आग होत नाही, सूज येत नाही. विष मज्जातंतूंवर चालते. पोटदुखी, घसा दुखणे, गिळायला त्रास, आणि पापण्या जड होऊन आपोआप मिटू लागणे, ही त्याची चिन्हे. नवऱ्याने पाल पाहिली हे खरे होते. पाल तिथे होतीच. पण चावताना तिला कुणी पाहिले नव्हते.

तेव्हा हिशेब असा ठेवावा. पाल चावताना आपल्या डोळ्यांनी स्वच्छ पाहिली असेल, तरच ती पाल. अंधारात, झोपेत, उसाच्या पानांत, दगडात हात घातल्यावर काही चावले आणि चावणारे दिसले नाही, तर तो साप धरून चालावे, आणि दुखत नसले तरी त्याच घटकेला दवाखाना गाठावा. सकाळची वाट पाहू नये. माणसाला चालवू-पळवू नये, चावलेला हात किंवा पाय काठी बांधून हलणार नाही असा ठेवावा, अंगठी, बांगड्या काढाव्यात. चिरा देणे, चोखणे, दोरीने करकचून आवळणे, मंत्र घालणे यांपैकी काही करू नये. १०८ ला फोन करावा, नाहीतर जे वाहन उभे असेल त्यात घालावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी एकच लस आहे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. त्यात वेळ जातो आणि कधी दुसराही माणूस चावून घेतो.

तोडणीच्या तळावर ज्या सभासदांचा राबता असतो, त्यांनी हे मुकादमांना आणि कोप्यांतल्या बायाबापड्यांना तोंडी सांगावे. छापलेले सगळ्यांच्या हाती पडत नाही. शक्य तिथे खाट किंवा फळ्या द्याव्यात आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचून निजायला लावावे. एवढ्या साध्या गोष्टीने मण्यार अंथरुणात शिरत नाही.

ती पाल परसात आली कशी, असे त्या रात्री पुष्कळांनी विचारले. वस्तीमागचा माळ दोन वर्षांपूर्वी यंत्राने सपाट केला, दगड काढून कडेला रचले आणि खाली ऊस आला. तिच्या राहत्या कपारी गेल्या. परसातल्या दिव्याला किडे येतात, हुडव्याखाली ऊब असते. रातकिडे, नाकतोडे, भुंगेरे, कोळी, सापडला तर विंचूसुद्धा ती खाते. हुमणीचे भुंगेरेही पहिल्या पावसानंतर निघतात. त्यांच्यावर ती किती हात मारते याचे माप माझ्यापाशी नाही, म्हणून ते श्रेय तिला देत नाही. आमच्या भावकीतल्या एकाने लगेच "मग दोन-चार पाळूच की" म्हटले. त्याला म्हटले, आधी कडुलिंबावरचे भुंगेरे वेचायला ये.

पोरांचे पाहून झाल्यावर डबा घेऊन मी आणि ज्याने फावडे उचलले होते तो पोरगा, दोघे माळाच्या कडेच्या दगडी तालीपाशी गेलो. डबा आडवा केला. ती लगेच निघाली नाही. पाय उंच करून दोन पावले टाकली, थांबली, डोळे मिटून उघडले, आणि मग सावकाश दगडांत शिरली. यंदा ती ताल काढून तिथे पाइपलाइनची चारी घ्यायची होती. चारी चार हात वरून घेतली आहे. पाइपाचे दोन तुकडे जास्त लागले.